अप्पांचा एकुलता एक टंबलर

"आजी, लहानपणी तुला फिट यायच्या का गं?"

संयुक्तानं हे विचारलं तेव्हा आजीच्या हातात सांबाराचा डाव होता, राजसबाईंच्या तोंडात अर्धी इडली होती आणि अप्पांच्या घशात पाणी होतं. सगळ्यात आधी पाणी वाट चुकलं. अप्पा असे ठसकले की आईला उठून त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. गेल्या नऊ दिवसांत आईनं अप्पांना हात लावायची ही पहिलीच वेळ. थापट्या जरा जोरातच बसत होत्या.

"सांबार वाढू कुणाला?" आजी म्हणाली.

कुणालाही सांबार नको होतं.

संयुक्तानं टेबलाखाली फोनवर एक शब्द टाइप केला, "विचारलं", आणि सुष्मिताला पाठवून दिला. पैज तिच्याशीच लागली होती. शुक्रवारी बायॉलॉजीच्या लॅबमध्ये कांद्याच्या सालीचे पातळ पापुद्रे काढता काढता सुष्मिता म्हणाली होती, "वर्गात तू टीचरलाही सोडत नाहीस. घरी मात्र मांजर. हिंमत असेल तर फिटचं आजीला विचार, सगळ्यांच्या देखत. नाही विचारलंस तर महिनाभर माझी प्रॅक्टिकलची रेकॉर्ड नोट तू लिहायची." लॅबमधल्या बाकीच्या तिघींनी ताबडतोब बाकावर हात आपटून पैजेला मान्यता दिली.

सुष्मिताचं चुकत नव्हतं. जुलैपर्यंत संयुक्ता म्हणजे कंडक्टरला स्टॉप विचारायची लाज वाटते म्हणून दोन स्टॉप पुढे जाऊन चालत परत येणारी मुलगी. मग ऑगस्टमध्ये एकदा फळ्यावरची आकृती उलटी आहे हे तिच्या तोंडून निघून गेलं. टीचर फळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "करेक्ट." त्या एका शब्दानं जे बूच उडालं ते अजून सापडलेलं नव्हतं. आता ती ऑटोवाल्याला, वॉचमनला, देवळातल्या गुरुजींना, सगळ्यांना प्रश्न विचारत सुटली होती. पण घर म्हणजे घर. चेन्नईत, पश्चिम मांबलमच्या या तंजावरी मराठी फ्लॅटमध्ये विचारायचे प्रश्न ठरलेले होते: जेवलीस का, किती मार्क पडले, आणि गॅस बंद केलास का.

"काय म्हणून विचारते ही पोर?" राजसबाईंनी इडली गिळली. त्या कैलासवासी आजोबांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी, आणि आजची सभा त्यांनीच बोलावलेली. "विशालाक्षीस फिट? आमच्या घरांत असलं कधी नव्हतं. म्हणून तर मी म्हणते, चित्राचं एकटीचं रक्त तपासा. साताऱ्याहून येताना बरोबर काय काय आलं, कोणास ठाऊक."

"साताऱ्याहून मी दोन बॅगा आणि एक चहाचं भांडं आणलं होतं, आत्याबाई," आई म्हणाली. आवाज अगदी गोड. आईचा आवाज असा गोड झाला की अप्पा खुर्ची दोन इंच मागे सरकवतात. त्यांनी सरकवली.

भांडण होतं रंजूच्या रिपोर्टवरून. रंजू म्हणजे रंजनी, संयुक्ताची पाच वर्षांची बहीण. ती आत्ता टेबलाखाली बसून इडलीचे तुकडे करून आपल्या रबरी हत्तीला भरवत होती. अकरा महिन्यांची असताना तिला ताप आला आणि पहिली आकडी आली. एक आली की एकीला जोडून दुसरी, दिवसात सात-आठ, मग चार-चार महिने काही नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्ताची जीन-तपासणी केली. नऊ दिवसांपूर्वी रिपोर्ट आला: पीसीडीएच-एकोणीस नावाच्या एका जीनमध्ये एका अक्षराची अदलाबदल. हा जीन एक्स गुणसूत्रावर बसतो. मात्र ही अदलाबदल आकडीचं कारण आहे की नुसतीच बिनकामाची तिथे बसून आहे, हे एकट्या रंजूच्या रक्तावरून कळत नाही. आईचं रक्त द्या, वडिलांचं द्या, जमलं तर आजीचंही द्या, म्हणजे ती कुठून आली हे कळेल, आणि मग औषध नीट ठरवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईनं तिथेच बाही वर केली. अप्पा म्हणाले, "बघू." संध्याकाळपर्यंत राजसबाईंचा फोन आला की आमच्या प्राणेशचं रक्त कशाला. आईनं बाही खाली घेतली. "मी एकटीनं हात पुढे केला तर चोर मीच ठरणार," ती म्हणाली, "दोघांचं, नाहीतर कुणाचंच नाही." तेव्हापासून घरात सगळे निरोप संयुक्तामार्फत जात होते. "तुझ्या आईला सांग, दूधवाला आलाय." "तुझ्या वडिलांना सांग, मला दार दिसतं." आणि रंजूची तपासणी अडून बसली ती बसलीच.

"एकोणीस?" राजसबाई म्हणाल्या होत्या. "हे बसचं नंबर आहे की रोगाचं?"

तर आता त्यांनी पायाशी ठेवलेली टी. नगरच्या साडीच्या दुकानाची पिशवी उचलली आणि तिच्यातून पत्र्याचा एक डबा काढला. डबा पाहून आजीनं डाव परत पातेल्यात ठेवला. संयुक्तानं ते बघितलं. डाव पातेल्याच्या काठावर न टेकता सरळ आत बुडाला. आजी असं करत नाही.

"हे बघा, लेखी आहे," राजसबाई म्हणाल्या. "विशालाक्षीच्या बापाचं पत्र, सोयरीक ठरताना आलेलं. मोडीत आहे. मज मोडी येत नाही, पण आमच्या वडिलांनी मोठ्यानं वाचलं ते पाठ आहे. फिट असत्या तर त्यांत लिहिलं नसतं काय? असा खरा माणूस. आपल्या मुलीचा दोषसुद्धा लपवला नाही."

"कुठला दोष?" आईनं विचारलं. सासूबाईंचा दोष लेखी आहे ही बातमी तिला नवी होती.

"अय्यो, तुज ठाऊक नाही?" राजसबाईंनी डोळे मिटले आणि देवघरात म्हणतात तशा सुरात म्हणून दाखवलं, "कन्येस बालपणी वळण होते, तेराव्या वर्षापासून अजिबात नाही. हे आधीच कळविणे बरे, मागाहून बोल नको."



"लहानपणी वळण होतं आणि मग गेलं?" संयुक्ता म्हणाली. "असं कुठे असतं?"

"व्याह्यांचा विनय म्हणून आमचे वडील हसले. पण खरंच की ते. बावन्न वर्षं पाहते मी. कॉफी पिताना आवाज करते. मोठ्यांच्या आधी उठते. कोणी विचारलं की मी सांगते, बापानेच लिहून दिलंय, वळण नाही म्हणून."

आजी सांबाराकडे बघत होती.

या सगळ्या वेळात राघोत्तम मामा कोपऱ्यात बसून तिसरी चटणी संपवत होते. मामा म्हणजे आजीचा धाकटा भाऊ. मोतीबिंदूसाठी तंजावरहून आले होते, आणि ऑपरेशन होऊन आठवडा झाला तरी जायचं नाव काढत नव्हते. त्यांचा सगळा जन्म तंजावरला जुन्या मोडी कागदांवर वाकून गेला. तीनशे वर्षांपूर्वी राजवाड्यात अमुक तिथीला कुठली भाजी झाली ते मामा सांगू शकत, काल रात्री काय जेवले ते मात्र आजीला विचारत.

"वडिलांचं अक्षर?" मामा म्हणाले. "बघू."

त्यांनी हात पुसले, पत्र उजेडात धरलं, नव्या डोळ्यानं वाचलं, जुन्या डोळ्यानं वाचलं, मग दोन्ही डोळ्यांनी वाचलं.

"वळण नाही हे," मामा म्हणाले.

"तेच तर मी म्हणते, वळण नाही."

"नाही, म्हणजे शब्द वळण नाही. व आहे, ळ आहे, पुढे घडीवर शाई पसरली आहे. त्याखाली ळ ची वेलांटी आहे. मग पु. वळिपु." मामांनी चष्मा काढला. "वलिप्पु. आमच्या वडिलांच्या हातांत ल चा नेहमी ळ होत होता. शाळेंत छडी खाल्ली त्यासाठी. मराठी पत्रांत मध्येच तमिळ शब्द घातला, कारण आकडीला आमच्या घरांत दुसरा शब्दच नव्हता."

वलिप्पु म्हणजे आकडी हे चेन्नईत पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. टेबलाखालून रंजूच म्हणाली, "मला येते ती."

संयुक्तानं मनात वाक्य परत जुळवलं. कन्येस बालपणी आकडी येत होती, तेराव्या वर्षापासून अजिबात नाही. हे आधीच कळविणे बरे. तिला हसू फुटलं, आणि तिनं ते दाबलं म्हणून नाकातून बाहेर आलं. आईनं डोळे मोठे केले, पण आईचे स्वतःचे ओठही घट्ट मिटलेले होते.

"विशालाक्षी," राजसबाई म्हणाल्या. इतक्या हळू की त्यांचा आवाज असाही असतो हे कुणाला माहीत नव्हतं. "तुज ठाऊक होतं?"

आजी खुर्ची ओढून बसली. राजसबाई बसलेल्या असताना, त्यांनी बस म्हटल्याशिवाय आजी बसली, हे संयुक्तानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"ताप आला की येत होत्या," आजी म्हणाली. "एका दिवसांत दहा-दहा. आई मज मांडीवर आडवी धरून बसत असे. तेरा सरलं आणि थांबल्या, परत म्हणून नाही. वडिलांनी लिहिलं ते मज सांगितलं होतं. मी म्हटलं, चांगले लोक आहेत, कळूनही सून करून घेतली. पहिल्याच महिन्यांत तुमचे वडील दारांत उभे राहून शेजाऱ्यांस सांगत होते, सून गुणी आहे, वळण तेवढं नाही, बापानेच कळवलंय. मी आंत कॉफीचं डिकाशन ओतत होते. तेव्हा मज समजलं, शब्द चुकला."

"मग सांगायचं की."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तंजावर. वळण नाही म्हटलं तर सोसतं हो. फिट आहे म्हटलं तर कोण ठेवतं?" आजीनं पदराला हात पुसले. "म्हणून मी जपलं. मधून मधून मुद्दाम आवाज करून कॉफी प्याले, तुमची खात्री राहावी म्हणून."

आई उठली आणि सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. सकाळपर्यंत या घरात दोन पक्ष होते, तंजावर आणि सातारा. आता तंजावरची फाळणी झाली होती, आणि मोठा वाटा साताऱ्याला मिळाला होता.

पण राजसबाई अशा हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. "सेरि, ठीक," त्या सावरून म्हणाल्या. "विशालाक्षीस होती, मान्य. पण प्राणेशला काय झालं? घोड्यासारखा वाढला. कधी साधी चक्कर नाही. मग त्याच्याकडून रंजूला कसं येईल? सांग, शाळेंत शिकतेस ना."

याचसाठी संयुक्ताचा जन्म झाला होता.

तिनं कॉफीसाठी मांडून ठेवलेले स्टीलचे टंबलर आणि डवरे टेबलाच्या मध्यावर ओढले. डवरा म्हणजे कॉफी गार करायची ती पसरट वाटी. मांबलममध्ये हे सांगावं लागत नाही, साताऱ्यात लागतं.

"टंबलर म्हणजे एक्स. डवरा म्हणजे वाय. बायकांकडे दोन टंबलर. पुरुषांकडे एक टंबलर आणि एक डवरा."

"दोन टंबलर घेऊन ही काय करणार? ही तर चहा पिते," राजसबाई आईकडे बघून म्हणाल्या.

"कपातून," आई म्हणाली.

"ऐका हो. आजीकडे दोन. त्यातला एक पोचा पडलेला." संयुक्तानं पोचा पडलेला टंबलर शोधून काढला. तो या घरात कुणी स्वतःहून घेत नाही, म्हणून नेहमी अप्पांच्या वाट्याला येतो. "हा जीन करतो काय, तर बाळाचा मेंदू घडत असतो ना, तेव्हा पेशींना एकमेकींचे हात धरायला शिकवतो. बाईच्या मेंदूत काही पेशी या टंबलरचं ऐकतात, काही त्या दुसऱ्याचं. म्हणजे अर्ध्या हात धरणाऱ्या, अर्ध्या न धरणाऱ्या. त्यांचं जमत नाही. आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसतात. आईअप्पांच्या लग्नात पंगत बसली होती तशी."

"साताऱ्यावाल्यांनी भातावर आधी वरण घेतलं, काय करणार," राजसबाई म्हणाल्या.

"तर मेंदूत तशी दोन गटांची पंगत बसली की आकडी. निदान डॉक्टरांना तसं वाटतं. आता आजीनं हा पोचा पडलेला अप्पांना दिला. अप्पांकडे एकच. मग त्यांच्या मेंदूतल्या सगळ्याच पेशी न धरणाऱ्या. सगळे एकाच गटाचे, भांडायला दुसरं कुणी नाही. म्हणून पुरुषाला काहीच होत नाही. तो मजेत कंपनीच्या बसमध्ये बसून श्रीपेरुंबुदूरला जातो."

राजसबाईंनी विचार केला. "म्हणजे एकच वस्तू पुरुषास काही करत नाही आणि बाईस त्रास देते. हे शोधायला यंत्र कशाला लागलं?"

मामा हसले. ते हसतात हेही या घराला नवंच.

"मग हे आमचंच निघालं की," राजसबाईंचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. "साताऱ्याचं नाही."

"अजून ठरलं नाही, आत्याआजी. आईकडूनही आलेलं असू शकतं. म्हणून तर सगळ्यांचं रक्त..."

"साताऱ्याकडे एवढं जुनं काय असणार? हे तंजावरचंच. किती पिढ्या आहे, राघोत्तमा?"

"कागद पाहावे लागतील," मामा गंभीरपणे म्हणाले.

"आत्याआजी, असलंच तर ते आजीच्या माहेरचं आहे. तुमचं नाही."

"बावन्न वर्षं विशालाक्षी आमच्यांत आहे, तिचं काय ते आमचंच." बाईंनी तिथल्या तिथे पदर सावरून डावा हात टेबलावर आडवा ठेवला. "माझं रक्त पण घ्या."

"तुमचं चालत नाही."

"का म्हणून? मज मधुमेह नाही."

त्यांना हे पटवण्यात पाच मिनिटं गेली, आणि तरी त्या रुसल्याच. आईला हसू आवरत नव्हतं. संयुक्तानं मनात म्हटलं, झालं. नऊ दिवसांचा गुंता सुटला, उद्या रक्त, आठवड्यात उत्तर, रंजूचं औषध ठरणार. सुष्मिताला हे सगळं कसं सांगायचं त्याची पहिली दोन वाक्यंही तिनं जुळवून ठेवली.

"मला दाखव ना," रंजू टेबलाखालून बाहेर आली. "माझे टंबलर कुठले?"

"तू म्हणजे मुलगी, म्हणून दोन. एक आईकडचा. आईकडे दोन आहेत, त्यांतला कुठलाही. आणि एक अप्पांकडचा. अप्पांकडे एकच, म्हणून तोच." संयुक्तानं पोचा पडलेला टंबलर रंजूपुढे ठेवला.

रंजूनं दोन्ही टंबलर हत्तीला दाखवले. मग टेबलावर पुन्हा नजर फिरवली. तिला वाटण्यांच्या बाबतीत अन्याय लगेच दिसतो.

"आणि अक्काचे?"

"माझे? माझे तसेच. एक आईकडचा, आणि एक..."

संयुक्ताचा हात टेबलावर गेला आणि मध्येच थांबला. अप्पांच्या पुढे डवरा उरला होता. त्यांच्याकडे एकच टंबलर होता आणि तो कितीही मुली झाल्या तरी प्रत्येकीला तोच जाणार होता. निवड नाही. आईकडे निवड होती, आजीकडे होती, अप्पांकडे नव्हती. तिनं हे परीक्षेत दोनदा लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

अप्पांनी पुढे वाकून रंजूसमोरचा पोचा पडलेला टंबलर उचलला. "पुरे झालं," ते म्हणाले. "मी रक्त देणार नाही." आणि उठून आतल्या खोलीत गेले.

"आता कुठली आत्याबाई आडवी आली?" आई म्हणाली. या खेपेला आवाज मुळीच गोड नव्हता. "आजवर मला वाटत होतं, मोठ्यांना घाबरतात. मोठ्यांनी हात टेबलावर ठेवलाय, आणि हे उठून गेले."

"प्राणेशा, भितोस काय सुईस?" राजसबाईंनी बाहेरूनच हाक मारली. "अमावास्येला जन्मला ना, तेव्हापासून असाच."

आई तरातरा आत गेली. संयुक्ता तिच्या मागोमाग, आणि जाताना तिनं दार लावून घेतलं. या घरात दिवसाढवळ्या दार लावायची पद्धत नाही, पण आजीचं बघून आजच्यापुरतं वळण सोडायला हरकत नव्हती.

अप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. टंबलर अजून हातातच.

"बोला," आई म्हणाली. संयुक्तामार्फत नाही, थेट.

"मी रोज बसमध्ये या जीनबद्दलच वाचतो," अप्पा म्हणाले. "जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. शिफ्टमधले लोक झोपतात, मी वाचतो. चित्रा, आत्यानं फोन केला त्याच्या आधीच मी बघू म्हटलं होतं. तुला वाटलं आत्याला घाबरलो. मी तसंच वाटू दिलं."

"का?"

अप्पा आईकडे बघत नव्हते. "हिला विचार. हिनं मघाशी हात थांबवला तो का."

संयुक्तानं दाराला पाठ टेकवली.

"अप्पांच्यात असेल," ती म्हणाली, "तर माझ्यात आहे. असू शकेल असं नाही. आहेच. अप्पांनी रक्त दिलं की माझा निकाल लागतो."

आई हळूच पलंगावर बसली. अप्पांच्या शेजारीच, मध्ये उशी न ठेवता.

"सोळा वर्षं हिला काही झालं नाही," अप्पा म्हणाले. "साधी पडली नाही. काहीजणींना कधीच काही होत नाही, असंही लिहिलंय. मग उगाच हिच्या कपाळावर कशाला लिहायचं? उद्या हिला पोहायला जायचं असेल, गाडी शिकायची असेल, कुठे एकटीला राहायचं असेल, प्रत्येक वेळी आपण दारात उभे. रंजूचं माहीत आहे, ते बघू आपण. पण हिला न विचारता हिचं..."

"मग नको," आई म्हणाली.

"तेच मी म्हणतो."

"तुम्ही आधी सांगायचं होतं. मी काय काय बोलले तुम्हाला."

"बोललीस कुठे? संयुमार्फत बोललीस."

"डॉक्टरांना सांगू, माझं एकटीचं घ्या. माझ्यात नाही निघालं तर मग बघू."

"तुझ्यात नसेल तर उरतो कोण? मीच, नाहीतर रंजूपासूनच नवीन सुरू झालेलं. हिच्या जिवाला नुसता घोर."

"मग कुणाचंच नको. हेच औषध चालू ठेवू."

संयुक्ता दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. नऊ दिवस या दोघांचं एका दूधवाल्यावरही एकमत होत नव्हतं, आणि आत्ता दोन मिनिटांत दोघं मांडीला मांडी लावून तिच्याविरुद्ध एक झाले होते. तेही तिच्याच काळजीनं. आईनं अप्पांच्या हातातला टंबलर काढून घेऊन खिडकीत ठेवला आणि मग तो हात तसाच धरून ठेवला. दृश्य इतकं छान होतं की ते मोडायचं जिवावर येत होतं.

दारापलीकडे बांगड्या किणकिणल्या. राजसबाई कान लावून उभ्या असणार. मग आणखी एक किणकिण, जरा हलकी. आजीसुद्धा.

संयुक्तानं मे महिन्यातली रंजू आठवून बघितली. एका दुपारी सहा वेळा. सहाव्यांदा डोळे उघडल्यावर रंजूनं विचारलं होतं, "संपलं का गं अक्का?"

"माझं काय असेल ते मी जन्मल्या दिवसापासून आहे, किंवा नाही," ती म्हणाली. "अप्पांचं रक्त बाटलीत गेलं म्हणून ते माझ्यात नवीन येणार नाही. तुम्हाला माहीत नाही एवढाच काय तो फरक. आणि ते माहीत नसावं म्हणून रंजूनं अंदाजाचं औषध घेत राहायचं?"

"संयु, तुला कळत नाहीये," आई म्हणाली.

"मला पैकीच्या पैकी कळतंय."

"भीती नाही वाटत?" अप्पांनी विचारलं.

"वाटते. खूप वाटते. पण अप्पा, ती माझी मला भिऊ दे. माझ्या वतीनं परस्पर तुम्ही दोघं भिऊन टाकता आणि मला कळवतसुद्धा नाही, हे नाही चालायचं."

आईनं दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि त्याच हातानं संयुक्ताच्या कपाळावर आलेला केस मागे सारला, जणू केस हीच अडचण होती.

"उद्या मी शाळेत जात नाही," संयुक्तानं जाहीर केलं. दाराबाहेरही नीट ऐकू जावं म्हणून आवाज जरा चढवूनच. "साडेसातला निघायचं. आई, तू रक्त द्यायचंस, आजी देणार, अप्पा देणार. रिपोर्ट आला की डॉक्टरांसमोर बसून पाकीट मी फोडणार. वर नाव अप्पांचं असेल, पण आत माझंही लिहिलेलं असेल, आणि ते पहिल्यांदा मी वाचणार."